अक्षरांतून आकडा काढताना

सी भाषेत स्ट्रिंग असा वेगळा प्रकारच नाही. मेमरीत ओळीने बसलेले बाइट आणि शेवटी खूण म्हणून एक शून्य बाइट, इतकाच करार. कीबोर्डवरून आलेले ‘४२’ ही दोन अक्षरे असतात. त्यांची बेचाळीस ही संख्या करायला लायब्ररीतले फंक्शन लागते. हिशेब सोपा आहे: आधीच्या संख्येला दहाने गुणायचे, पुढचा अंक मिळवायचा. डोकेदुखी असते ती अक्षरे भलतीच आली तर बोलावणाऱ्याला काय कळवायचे, याची.

सर्वांत जुने ‘एटॉय’ काहीच कळवत नाही. ‘१२आंबे’ दिले की १२, नुसते ‘आंबे’ दिले की ०, आणि खरे शून्य दिले तरी ०. १९८९च्या मानकातले ‘स्ट्रटोल’ कळवते, पण विचारून घ्यावे लागते. वाचन कुठे थांबले ते एका पॉइंटरमधून पाहायचे, आकडा मावला की नाही ते ‘एरनो’ या त्रुटी-संकेतांकावरून, आणि तो ‘एरनो’ आधी स्वतःच शून्य करून ठेवायचा. संख्यापद्धतीचा पाया ० दिला, तर सुरुवातीच्या शून्यामुळे ‘०१०’ म्हणजे आठ. त्याचे चिन्हविरहित भावंड ‘-१’ बिनतक्रार घेते आणि त्या प्रकारातली सर्वांत मोठी संख्या हातात ठेवते. या कटकटीला कंटाळून ओपनबीएसडीने २००४ साली ‘स्ट्रटोनम’ आणले: किमान आणि कमाल मर्यादा सांगायची, चूक झाली तर कारण शब्दांत मिळते.

लिनक्स कर्नलला नेहमीची सी लायब्ररी वापरता येत नाही. तो आपली शिदोरी ‘लिब’ डिरेक्टरीत बाळगतो. तिथली ‘सिंपल_स्ट्रटोल’ वगैरे फंक्शने आकडा मावला नाही तरी गप्प बसत. २०११मध्ये ‘के-स्ट्र-टू’ घराणे आले. उत्तर वेगळ्या पत्त्यावर लिहायचे आणि परत द्यायचा तो फक्त निकाल: ० म्हणजे ठीक, नाहीतर ‘अमान्य’ किंवा ‘मावत नाही’ याचा ऋण संकेतांक. आकड्यामागे एकही जादा अक्षर चालत नाही. सूट एकाच गोष्टीला, शेवटच्या एका न्यूलाइनला. कारण घरगुती आहे: कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या सिस्एफएसच्या फाइलीत ‘एको ५’ असे लिहिले, की पाचामागून न्यूलाइन येतेच.

हो-नाही वाचणारे ‘के-स्ट्र-टू-बूल’ मात्र बरेच सैल. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’साठी ते दोन अक्षरे बघते, एरवी पहिलेच. वाय दिसला की होकार; त्यामुळे ‘येलो’ हा इंग्रजी शब्दही तिथे ‘हो’ ठरतो.

आकडे वाचण्याआधी स्वल्पविरामांनी जोडलेल्या स्ट्रिंगचे तुकडे पाडावे लागतात; कर्नलमध्ये हे काम पूर्वी ‘स्ट्रटॉक’कडे होते. ते स्वल्पविरामाच्या जागी शून्य बाइट ठोकते, म्हणजे मूळ स्ट्रिंगच चिरते, आणि कुठवर आलो ते स्वतःच्या पोटात लपवते. दोन धाग्यांनी एकाच वेळी बोलावले की गोंधळ. शिवाय ‘पुणे,,सातारा’मधला रिकामा रकाना ते गिळून टाकते. ‘स्ट्रसेप’ही चिरतेच, पण रिकामा रकाना रिकामा म्हणून देते आणि जागेची आठवण बोलावणाऱ्याच्या पॉइंटरमध्ये ठेवते. २००२मध्ये कर्नलने ‘स्ट्रटॉक’ला निरोप दिला.

‘सिंपल’ मंडळी मात्र अजून आहेत. ‘१०२४x७६८’ असा पडद्याचा आकार आला, की पहिला आकडा संपेल तिथून पुढे वाचत जावे लागते. ‘के-स्ट्र-टू’ अशी स्ट्रिंग फुलीच्या अक्षरावरच नाकारते.