पाण्याच्या गावाला, घरातल्या ज्येष्ठांसह

सहलीचा बेत ठरू लागला की घरातील ज्येष्ठ मंडळी स्वतःहून मागे सरकतात. “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळीन,” असे त्या म्हणतात आणि घरच्यांनाही ते सोयीचे वाटते. या वाक्यामागे पुष्कळदा गुडघेदुखीहून मोठे कारण असते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल का, ही ती धास्ती होय. ही धास्ती दूर करता आली, तर खेड्यातील एक दिवस ज्येष्ठांना औषधाइतकाच हितकारक ठरतो.

अशा सहलीसाठी मी हिवरे बाजार सुचवतो. अहिल्यानगर शहरापासून हे गाव सुमारे १७ किलोमीटरवर आहे. येथे धबधबा नाही की भव्य देवालय नाही. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावातून एकेकाळी माणसे पोट भरण्यासाठी मुंबई-पुण्याकडे जात होती. पोपटराव पवार १९८९ नंतर सरपंच झाले आणि गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन ही सूत्रे स्वीकारली. डोंगरउतारांवर समतल चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. विहिरींना पाणी आले आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली.

काय पाहावे, काय करावे

आपल्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने १९७२चा दुष्काळ पाहिलेला असतो. दुष्काळी कामावरची खडी, लाल मिलोची भाकरी, वाटपातील सुकडी हे शब्द तिच्यासाठी पुस्तकातले नाहीत. म्हणून हिवरे बाजारचे चर व बंधारे पाहताना माहिती सांगण्याचे काम नातवंडांच्या मोबाईलकडे न देता आजी-आजोबांकडे द्यावे. आपण फक्त विचारावे : “तुमच्या गावाला तेव्हा पाणी कुठून यायचे?” घरी दिवसभर “गोळी घेतली का?” एवढाच प्रश्न ऐकणारा माणूस येथे सांगणारा होतो. त्याचे मोल रक्तदाबाच्या यंत्रावर दिसत नाही, चेहऱ्यावर मात्र दिसते.

गावातील रस्त्यांवरून सावकाश फेरफटका मारावा. एखादी भरलेली विहीर सुरक्षित अंतरावरून पाहावी, गोठ्यापाशी थांबावे, कांद्याच्या वाफ्यांशी ओळख करून घ्यावी. डोंगरावर चढण्याचा हट्ट नको. चरांच्या रेषा पायथ्यावरूनही दिसतात. हे नांदते गाव आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. म्हणून ग्रामपंचायतीला आधी कळवून जावे आणि बसण्याची व स्वच्छतागृहाची सोय तेव्हाच विचारून घ्यावी. अंगात त्राण उरले, तर परतीच्या वाटेवर अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला आहे. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे बंदिवान होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी.

पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात जाणे टाळावे.

शरीराच्या पाण्याचा हिशेब

हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी, मग पिके. ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके येथे घेत नाहीत. हाच काटेकोरपणा प्रवासात ज्येष्ठांच्या पाण्याबाबत हवा.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. त्यात लघवीच्या भीतीने अनेक जण प्रवासाच्या दिवशी सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत. परिणामी चक्कर येते, लघवीला जळजळ होते, कधी असंबद्ध बोलणे सुरू होते आणि घरचे त्याला “वयाचा परिणाम” म्हणतात. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे पाणी द्यावे आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी. “जायचे आहे का?” असे विचारू नये, संकोचाने उत्तर “नाही” येते. “आपण सगळेच उतरू या,” असे म्हणावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरवले आहे, त्यांनी तीच मर्यादा पाळावी.

लघवी वाढवणारी गोळी प्रवासासाठी परस्पर बंद करू नये. तिची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

सोबत आणि सांभाळ

* औषधे हातातल्या पिशवीत, एक दिवसाची जास्त ठेवावीत. औषधांची यादी व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावा.
* इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये, बर्फाला थेट लावूनही ठेवू नये.
* मधुमेहींनी साखर व बिस्किटे जवळ बाळगावीत. गावातील जेवण उशिरा होऊ शकते. जेवण समोर येण्याआधी इन्सुलिन घेऊ नये.
* पिठले-भाकरी आनंदाने खावी. ठेचा, पापड व लोणचे यांतील मीठ रक्तदाबाला मानवत नाही. कवळी असल्यास भाकरी आमटीत कुस्करून द्यावी.
* पावले बंद, सवयीच्या चपला-बुटांत असावीत. मधुमेहींचे तळवे रात्री उजेडात तपासावेत.
* भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणे कठीण असेल, तर घडीची कमोड-खुर्ची गाडीत टाकावी. तिची लाज वाटू देऊ नये.
* मुक्काम असेल, तर उशाशी टॉर्च हवा. अंथरुणावरून उठताना आधी मिनिटभर बसावे, मग उभे राहावे.
* स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मुक्कामाऐवजी दिवसाची सहल बरी. अनोळखी खोलीतील रात्र त्याला गोंधळवते.

छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास सहल तेथेच थांबवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही एक शब्द. सहलीच्या दिवशी काम दोघा-तिघांत वाटून घ्या. रोज सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला त्या दिवशी तासभर तरी मोकळे, एकटे फिरू द्या. पुढच्या वेळी घरातील वडीलधारे “तुम्ही जाऊन या” म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. कशाची काळजी वाटते, ते शांतपणे विचारा. बहुतेक वेळा तिचे उत्तर गाडीत मावेल एवढेच असते.