आठ दिवसांत सात कबरी

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये डोंगराच्या कुशीत ईम नावाचं गाव आहे. (स्पेलिंग बघून आपण ‘एयाम’ म्हणू, पण तिथले लोक ‘ईम’च म्हणतात!) चर्चशेजारच्या जुन्या दगडी घरांना ‘प्लेग कॉटेजेस’ म्हणतात. आपण दारावर घरात राहणाऱ्यांची नावं लावतो, इथल्या पाट्यांवर मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या घरात गेलेल्यांची नावं आहेत.

यातलं एक घर मेरीचं. नवरा शिंपी. १६६५ च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून त्यांच्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून हाताखालच्या जॉर्ज विकर्सने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यातल्या पिसवांनी प्लेग गावात आणला, असं मानतात. ७ सप्टेंबरला जॉर्ज गेला. मग महिन्याभरात मेरीची दोन मुलं गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये नवराही गेला. मेरी तेवढी वाचली.

जून १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांनी गावापुढे एक विलक्षण गोष्ट मांडली. साथ शेजारच्या गावांत जायला नको, तर आपणच वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. लोकांनी ते मानलं. चर्च बंद झालं, प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागली. वेशीवरच्या दगडाला भोकं होती, त्यात व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे आणि बाहेरच्यांनी आणलेलं धान्य घ्यायचं. आणि ज्याचं माणूस त्यानेच पुरायचं, घरामागे किंवा शेतात.

या गोष्टीत कौतुक नेहमी मॉम्पेसनचं होतं. होऊ दे बापडं, ते खोटं नाही. पण त्याने स्वतःची दोन मुलं आधीच यॉर्कशायरला पाठवली होती, हेही विसरून चालणार नाही. बायको कॅथरीन मात्र त्याच्यासोबत राहिली, आजाऱ्यांना बघत राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. मुलांना पाठवायला ज्यांचं कुणी नव्हतं, त्या आयांनी काय करायचं?

एलिझाबेथ हॅनकॉक ही त्यातलीच एक. तिचं घर गावापासून अर्धा मैल लांब, रायलीच्या माळावर. ३ ऑगस्टला घरातली पहिली दोन मुलं गेली. १० तारखेपर्यंत नवरा आणि सहा मुलं... सगळे संपले. सातही जणांना तिने एकटीने पुरलं. पायांना फडकं बांधून, शेतातून ओढत तिने त्यांना नेलं, असं सांगतात. समोरच्या टेकडीवर पलीकडच्या गावचे लोक उभे राहून बघत होते म्हणे. जवळ कोण येणार? सगळं उरकल्यावर ती शेफील्डला, उरलेल्या एका मुलाकडे निघून गेली. पुढे तिने कधी कुणाला काही सांगितलं असेल का हो?

नोव्हेंबरमध्ये साथ थांबली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली होती.

रायलीच्या माळावर भिंतीच्या गोल कुंपणात हॅनकॉकांचे दगड आजही आहेत. गावाने १९९४ मध्ये स्वतःचं संग्रहालय उघडलं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ‘प्लेग संडे’ असतो. सगळे मिळून दरीत प्रार्थनेला जातात आणि कॅथरीनच्या कबरीवर फुलं वाहतात. याच सुमारास विहिरींची सजावटही होते. मोठ्या फळीवर ओल्या मातीचा थर द्यायचा आणि त्यात फुलांच्या पाकळ्या, बिया, शेवाळ एकेक करून दाबत चित्र पुरं करायचं. आपली फुलांची रांगोळीच म्हणा ना, फक्त उभी! आठवडाभरात पाकळ्या कोमेजतात, माती तडकते. मग फळ्या धुऊन पुढच्या ऑगस्टसाठी ठेवून दिल्या जातात.