एका पायाची धाव आणि माणशी एक डॉलर



चांगल्या कामासाठी पैसा उभा करायचा म्हणून चार मित्र शेकडो मैल पळाले, सायकलवरून देश पालथा घातला, अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. ती वाचून पारावर एक प्रश्न हटकून निघतो : "अरे, पण पळण्याने पैसे जमतात कसे? आणि द्यायचेच असतील तर सरळ द्यावेत की! त्यासाठी कुणाला उन्हातान्हात पळवायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजावून घ्यायचे तर या प्रकारातले जगातले एक फार मोठे उदाहरण पाहावे लागेल. ते आहे कॅनडा देशातले, सन १९८० चे. त्यात एक पळणारा होता, एक गाडी चालवणारा मित्र होता, आणि पैसा घेणारी एक संस्था होती. या तिघांपैकी एक जरी नसता, तरी काम झाले नसते. हेच या लेखात सांगावयाचे आहे.

दोन मित्र

टेरी फॉक्स हा कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या पोर्ट कोक्विटलम या गावात वाढलेला मुलगा. जन्म १९५८ चा. खेळाचे भारी वेड. १९७६ च्या अखेरीस, वय अवघे अठरा असताना, त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. खेळाचा हंगाम संपू दे, मग बघू, म्हणून त्याने ते अंगावर काढले. शेवटी तपासणी झाली तेव्हा हाडाचा कर्करोग निघाला, आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

त्यानंतर सोळा महिने औषधोपचार चालले. त्याच्यासारखीच तरणीताठी पोरे इस्पितळात डोळ्यांदेखत जाताना त्याने पाहिली. डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट सांगितली होती : नव्या औषधांमुळे तुझी जगण्याची शक्यता निम्मी आहे, दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा होती. म्हणजे हा जो फरक पडला तो संशोधनाने पडला, आणि संशोधनाला पैसा लागतो. ही गोष्ट त्या पोराच्या मनात पक्की बसली. कृत्रिम पायावर पळत सगळा कॅनडा ओलांडायचा, पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा जमवायचा, असे त्याने ठरविले. अंतर सुमारे आठ हजार किलोमीटर!

डग ऑलवर्ड हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. शाळेच्या शेवटच्या वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान या दोघांना मिळून मिळाला होता. टेरीने विचारले आणि डग व्हॅन चालवायला तयार झाला. दिनांक १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स या बंदरात टेरीने कृत्रिम पाय समुद्राच्या पाण्यात बुडविला आणि दौड सुरू केली.

वारीच्या हिशेबाने

त्याने रोजचे माप धरले होते सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे एक पूर्ण मॅरेथॉन. आपल्याला ते वारीच्या हिशेबाने लवकर समजेल. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पालखीला त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे लागतात. या पठ्ठ्याच्या मापाने तेवढे अंतर सहा दिवसांत संपले असते, तेही एका पायावर. धड पायावर दोन उड्या आणि कृत्रिम पायावर एक, अशी त्याची चाल. मांडीचा उरलेला भाग घासून रक्त निघायचे.

आता दिंडीत आपण काय पाहतो? चालणारे चालतात, पण तंबू, भांडीकुंडी, शिधा घेऊन ट्रक पुढे गेलेला असतो, मुक्कामाला पाल ठोकलेले असते. ट्रक चुकला तर दिंडी उपाशी. डगचे काम ते होते. दर मैलावर व्हॅन पुढे नेऊन उभी करायची आणि पाणी घेऊन थांबायचे. शिवाय जेवण, मुक्काम, सगळे त्याच्याच माथी. सुरुवातीचे दिवस वाऱ्यापावसाचे आणि बर्फाचे. दोघेच एका गाडीत, दमलेले, चिडलेले. दोघांत इतके वाजले, की बोलणे बंद पडले. शेवटी टेरीचा धाकटा भाऊ डॅरेल मदतीला येऊन राहिला, तेव्हा गाडी रुळावर आली. पण डगने व्हॅन सोडली नाही. वर्तमानपत्रात फोटो टेरीचा येत होता, डगचा नाही. कष्टाच्या कामात असा एक माणूस लागतोच, आणि त्याचे नाव घ्यायला लोक विसरतात.

पैसा कसा जमला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा उपक्रमात पैसा साधारण तीन वाटांनी येतो.

पहिली वाट रस्त्यावरची. माणूस गावातून पळत जातो, लोक पाहायला येतात आणि खिशात असेल ते देतात. पोर्ट ओ बास्क हे दहा हजार वस्तीचे गाव. तिथे दहा हजार डॉलर जमले. माणशी एक डॉलर! टेरीने आधी दहा लाखांचे लक्ष्य ठेवले होते. पुढे त्याने मागणीच अशी केली, की प्रत्येक कॅनडावासीयाने फक्त एक डॉलर द्यावा. त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४० लाख होती, म्हणजे तितके डॉलर. उलट क्वीबेक प्रांतात लोक फ्रेंच बोलणारे, आणि या दोघांना फ्रेंच येत नाही. तिथे पैसे जवळजवळ जमलेच नाहीत. पाय तेच, कष्ट तेच; पण कशासाठी पळतो हे लोकांना समजले नाही, म्हणून हात खिशाकडे गेला नाही.

दुसरी वाट वचनाची. "तू जितके मैल पळशील, तितक्या मैलांचे इतके पैसे मी देईन," असे कुणी लिहून देतो. इसाडोर शार्प हे तिकडच्या फोर सीझन्स हॉटेलांचे मालक. त्यांचा स्वतःचा मुलगा १९७८ साली कर्करोगाने गेला होता. त्यांनी मैलाला दोन डॉलर कबूल केले आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसेच करण्याचे आवाहन केले. यात गंमत बघा. देणारा घरी बसलेला असतो, पण पळणाऱ्याच्या प्रत्येक मैलाशी त्याचा हिशेब बांधलेला असतो. आपल्याला हे नवे नाही. टनामागे अमुक रुपये कपात म्हणजे तरी दुसरे काय? जितका ऊस, तितका वाटा. एकाला जड जात नाही आणि सगळ्यांचे मिळून शाळा, दवाखाना उभा राहतो.

तिसरी वाट वस्तुरूपाने. व्हॅन, इंधन, बूट हे कंपन्यांनी दिले. त्यामुळे लोकांनी दिलेला पैसा वाटखर्चात गेला नाही. मात्र आपल्या नावावर कुणी नफा कमवू नये, ही टेरीची अट होती.

आणि चौथी गोष्ट, जी वाट नसून पाया आहे : पैसा टेरीच्या खिशात जात नव्हता. तो कॅनडाच्या कर्करोग संस्थेकडे जमा होत होता. संस्थेने सुरुवातीलाच त्याला वैद्यकीय दाखला आणायला लावला होता. देणाऱ्याला ठाऊक होते, की डॉलर कुठे जाणार. टोरांटो शहरात ११ जुलै रोजी नगरभवनापुढच्या चौकात दहा हजार लोक जमले आणि एका दिवसात एक लाखाहून अधिक डॉलर गोळा झाले, ते या भरवशावर.

पाय थांबले, पैसा थांबला नाही

दिनांक १ सप्टेंबर १९८० रोजी ओंटारिओ प्रांतातील थंडर बे शहराजवळ टेरीच्या छातीत दुखू लागले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. दौड तिथेच थांबली. वाटेत वैद्यकीय तपासण्या त्याने टाळल्या होत्या, यावर त्या काळीही टीका झाली. धावण्याने कर्करोग होत नाही हे खरे. पण तपासणी टाळणे हा काही त्याच्या गुणांत धरावा असा गुण नव्हे.

थांबला तेव्हा जमा किती होते? १७ लाख डॉलर. आता पुढचा आकडा पाहा. आठवड्याभरातच दूरदर्शनवर मदतीसाठी खास कार्यक्रम झाला, त्यात एक कोटीहून अधिक डॉलर आले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत एकूण रक्कम २ कोटी ४१ लाखांवर गेली. म्हणजे माणशी एक डॉलर पुरा झाला. टेरीने हे डोळ्यांनी पाहिले. २८ जून १९८१ रोजी तो वारला, वय बावीस.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली दौड झाली. तीन लाख लोक आले आणि ३५ लाख डॉलर जमले. ही कल्पना शार्प यांची; टेरी इस्पितळात असतानाच त्यांनी ती कळवली होती. टेरीचे म्हणणे एवढेच होते, की तिच्यात चुरस नको. कुणी पहिला नाही, कुणाला बक्षीस नाही. पळा, चाला, सायकल चालवा, पण जमेल ते द्या. ती दौड आजही अनेक देशांत दरसाल होते. आजवर तिच्यातून ८५ कोटी डॉलरांहून अधिक निधी संशोधनासाठी उभा राहिला आहे. टेरीला झाला होता तसा हाडाचा कर्करोग आज झाला, तर बहुतेक रुग्णांचा पाय न कापता शस्त्रक्रिया करता येते. हे काही एकाच निधीचे फळ नव्हे. पण संशोधनाला पैसा लागतो हे त्या पोराचे म्हणणे खरे ठरले.

मग सरळ पैसे का देऊ नयेत?

द्यावेत की! पण माणसाचा स्वभाव असा, की दुसऱ्याला घाम गाळताना पाहिले म्हणजे आपला हात सैल होतो. त्याने पाय दिले, तर मी निदान एक डॉलर देतो, असे मन म्हणते. पळणारा पैसे कमवीत नाही. तो लोकांना कारण देतो. पुढचे काम हिशेबाचे आहे.

आपल्याकडेही २००४ पासून मुंबईत दरसाल मोठी मॅरेथॉन होते आणि तीत धावणारे अनेकजण सेवाभावी संस्थांसाठी निधी जमवितात. आपल्या कार्यक्षेत्रातल्या तरुण मंडळींच्या मनातही सायकल फेरीचे, पायी प्रवासाचे बेत येत असतील. जरूर करावेत. मात्र निघण्यापूर्वी एवढे पाहावे :

१. पैसा कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. चार गोष्टींसाठी मागितला, तर एकीलाही मिळत नाही.

२. रक्कम नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच जमा व्हावी, आणि प्रत्येकाला पावती मिळावी, दहा रुपयांची असली तरी.

३. वाटखर्च वेगळा उभारावा. तो देणगीतून काढू नये.

४. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, आणि वाटेतही टाळू नये. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबावे.

५. गाडीवरचा माणूस आधी ठरवावा. पळणारे पुष्कळ मिळतात. पाणी घेऊन दर मैलाला उभा राहणारा मित्र मिळणे कठीण.

६. परत आल्यावर जमाखर्च गावात फलकावर लावावा.

थोडक्यात, आधी पावतीपुस्तक आणि मग पायताण. गावाने एकदा विश्वासाने रुपया दिला आणि त्याचा हिशेब त्याला मिळाला, तर पुढच्या खेपेला तेच गाव न मागता दोन देते. हिशेब मिळाला नाही, तर पुढच्या पोरांना दारातूनच परत जावे लागते, मग ते कितीही मैल पळोत.