६१७४ चे कोडे आणि हातातील खेळयंत्र

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर येथे अंगारकी चतुर्थीस गणपतीच्या दर्शनासाठी दूरदूरच्या गावांहून माणसे लोटतात. अशा यात्रांच्या खेळण्यांच्या दुकानांत पिपाणी आणि भिंगरी यांच्या जोडीला तळहातावर मावणारे, पडद्यावर विटा घसरत येणारे खेळयंत्र गेल्या पिढीतील अनेक मुलांनी पाहिले आहे. आज तोच खेळ मोबाइलवर आला आहे. मूल तो तासन्‌तास खेळते. परंतु हा खेळ कोणीतरी रचला असला पाहिजे, त्याचे नियम कोणीतरी एक एक करून यंत्रास सांगितले असले पाहिजेत, हा विचार सहसा त्याच्या मनात येत नाही. तो यावा, आणि साधेसे कोडे नवशिक्याला स्वतःस रचता यावे, यासाठी फार मोठ्या सामग्रीची गरज नाही. वजाबाकी येत असली म्हणजे निम्मे काम झाले.

अशा पहिल्या खेळासाठी विषयही महाराष्ट्रातील एका शिक्षकानेच देऊन ठेवलेला आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. कागद, पेन्सिल आणि अंकांचे वेड एवढेच त्यांचे भांडवल. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

तो गुणधर्म असा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते, आणि एकदा ती आली की पुढे तीच ती येत राहते, कारण ७६४१ – १४६७ = ६१७४. जालना जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला; तेच वर्ष घेऊन पाहावे. ९८११ – ११८९ = ८६२२; ८६२२ – २२६८ = ६३५४; ६५४३ – ३४५६ = ३०८७; ८७३० – ०३७८ = ८३५२; ८५३२ – २३५८ = ६१७४. पाच पायऱ्या झाल्या. ३५२४ या संख्येस तीनच पायऱ्या पुरतात, तर ९८३१ ला सातही लागतात.

यातून कोडे असे रचता येते. यंत्र पडद्यावर पायऱ्यांचा एक आकडा दाखवील, समजा ४. बरोबर चार पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचणारी संख्या खेळणाऱ्याने शोधून काढावयाची. त्याने चार अंक भरले की यंत्र सर्व वजाबाक्या एकाखाली एक दाखवील आणि पायऱ्या जुळल्या की नाही ते सांगेल.

खेळयंत्र म्हणून ‘गेम बॉय’ हे उदाहरण सोयीचे आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने ते १९८९ मध्ये बाजारात आणले. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले असले तरी त्यासाठी नवे खेळ लिहिणारे हौशी लोक आजही आहेत. त्याकरिता लागणारी ‘जीबीडीके’ ही साधने विनामूल्य मिळतात आणि तयार झालेला खेळ साध्या संगणकावर नकली गेम बॉय चालवून तपासता येतो, म्हणून प्रत्यक्ष यंत्र हाती असलेच पाहिजे असे नाही. नवशिक्यास ते सोयीचे आहे याचे खरे कारण त्याचा लहानपणा होय. पडदा १६० ठिपके रुंद आणि १४४ ठिपके उंच, त्यावर रंगाच्या चारच छटा. चार दिशांची एक कळ, ए आणि बी या दोन कळा, आणि आरंभ व निवड यांच्या दोन. एवढ्यात काय बसवावयाचे याचा हिशेब कागदावर करता येतो.

कळांची वाटणी सहज सुचते. डावी-उजवी दाबली की खूण एका अंकावरून शेजारच्या अंकावर जावी. वर-खाली दाबली की तो अंक एकाने वाढावा वा कमी व्हावा. ए दाबली की उत्तर दाखल व्हावे. येथे एक लहानसा प्रश्न उभा राहतो. ९ वर असता ‘वर’ दाबल्यास काय व्हावे? माणसास हे सांगावे लागत नाही. यंत्रास मात्र ‘९ नंतर ० घे’ असे सांगावेच लागते. न सांगितल्यास ते १० कडे जाईल, आणि एका अंकाच्या घरात भलतेच चित्र उमटेल.

चित्रांचे काम मुलांकडे सोपविण्याजोगे आहे. या यंत्राचा पडदा आठ ठिपके लांब व आठ रुंद अशा फरशांनी भरलेला असतो. आडव्या २० आणि उभ्या १८, म्हणजे एकूण ३६० फरशा. एका फरशीच्या चित्रास १६ बाइट जागा लागते. गणिताच्या चौकडीच्या वहीत आठ बाय आठ घरे आखून त्यात देवनागरी अंक भरावयास सांगितले तर यंत्राचा अंक कसा बनतो ते चौथीच्या मुलासही कळते. मात्र आठ घरांत ५ आणि ६ यांची वळणे दाटीने बसतात. त्यापेक्षा चार फरशा जोडून सोळा बाय सोळाचा अंक करावा. दहा अंकांना ६४० बाइट लागतील, आणि एवढा खर्च या यंत्रास परवडतो.

आता मुख्य गोष्ट, वजाबाकी. नवशिक्या बहुधा संपूर्ण संख्या एकाच घरात ठेवू पाहतो. गेम बॉयचा प्रक्रियक आठ बिटांचा आहे. त्याच्या एका बाइटात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात, तेव्हा ९८११ साठी दोन बाइट जोडावे लागतात. तेही करता येते; पण मग त्या संख्येतून चार अंक पुन्हा वेगळे काढण्यासाठी दहाने भागावे लागते, आणि या प्रक्रियकास गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नाही. ते काम फिरून फिरून वजाबाक्या करून साधावे लागते. त्यापेक्षा पाटीवरील पद्धत बरी. चार अंकांसाठी चार वेगळी घरे ठेवावी, एककापासून आरंभ करावा, वरचा अंक लहान असल्यास शेजारच्या घरातून दशक उसना घ्यावा. तिसरीतील मूल जे करते तेच यंत्राने करावे.

अंकांचा क्रम लावणे हेही असेच. कवायतीस मुले उंचीप्रमाणे उभी करताना शेजारच्या दोघांची तुलना करून गरज तेथे जागा बदलावयास सांगतात. चार अंकांसाठी अशा सहा तुलना पुरेशा होतात.

चार घरांच्या या पद्धतीचे दुसरे एक मोल आहे, आणि ते यंत्राच्या सोयीहून अधिक महत्त्वाचे आहे. समजा, खेळणाऱ्या मुलाने २१११ ही संख्या निवडली. २१११ – १११२ = ०९९९. मुलाने पाटीवर शून्य जपले, तर पुढे ९९९० – ०९९९ = ८९९१; ९९८१ – १८९९ = ८०८२; ८८२० – ०२८८ = ८५३२; आणि मग ६१७४. पाच पायऱ्या. परंतु ज्याने संख्या एकाच घरात ठेवली त्याच्या यंत्रास पुढचे शून्य दिसतच नाही. त्याच्या लेखी ती ९९९ ही तीन अंकी संख्या झाली. ९९९ मधून ९९९ वजा केले की शून्य. शून्यातून पुढे शून्यच. यंत्र सांगणार, ‘उत्तर चूक’. मुलाचे गणित बरोबर असते आणि चूक यंत्र रचणाऱ्याची असते. पण पडद्यावर अक्षरे उमटलेली पाहून मूल आपली पाटी पुसून टाकते. छापील उत्तरसूचीत चूक राहिली असता वर्गात जे घडते तेच हे.

हा प्रकार दुर्मिळ म्हणून सोडून देता येत नाही. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांपैकी ६८ संख्या अशा आहेत की त्यांची पहिलीच वजाबाकी ०९९९ येते: तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्याहून एकाने कमी वा अधिक. दहावीस संख्या घालून खेळ तपासणाऱ्याच्या हाती यांतील एकही लागणार नाही, आणि खेळ निर्दोष आहे असे समजून तो मुलांच्या हाती देईल.

मग सर्व ९००० संख्या तपासावयाच्या काय? तसे नाही. चार अंकांतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान यांतील फरक घ्यावा व त्यास ९९९ ने गुणावे; मधल्या दोन अंकांतील फरकास ९० ने गुणावे; दोहोंची बेरीज म्हणजेच वजाबाकीचे उत्तर. १९८१ चे अंक ९, ८, १, १. पहिला फरक ८, त्याचे ७९९२, दुसरा फरक ७, त्याचे ६३०, बेरीज ८६२२. वर हेच उत्तर आले आहे. पहिला फरक १ ते ९ असू शकतो, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या २ + ३ + … + १०, म्हणजे ५४ होतात. याचा अर्थ, संख्या कोणतीही घेतली तरी पहिल्या वजाबाकीनंतर या ५४ पैकीच एक उत्तर येते. सहावी-सातवीच्या वर्गातील अठरा मुलांनी प्रत्येकी तीन उत्तरे घेऊन ती ६१७४ पर्यंत नेली, तर एका तासात संपूर्ण खेळाची परीक्षा होते. यंत्राने दिलेल्या पायऱ्या मुलांच्या वहीशी पडताळून पाहाव्या. सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत हेही त्याच कामात सिद्ध होते, कोणाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. शिवाय ९९९ आणि ९० या दोहोंस ९ ने भाग जात असल्यामुळे प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातच यावयास हवी. ज्या मुलाची ती येत नाही त्याने हातचा कोठेतरी सोडला असे समजावे.

पायऱ्यांचा आकडा निवडतानाही सावधगिरी हवी. यंत्रास ‘१ ते ९ मधील कोणताही आकडा दे’ असे सांगितले तर ते कधी ८ देईल, कधी ९ देईल, आणि मूल नसलेले उत्तर शोधीत बसेल. १ ते ७ हीच मर्यादा पाहिजे. या मर्यादेतील प्रत्येक कोडे सुटणारे आहे याची खात्री ९८३१ ची साखळीच देते: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. ९८३१ ला सात पायऱ्या लागतात, म्हणून ८४४२ ला सहा, ५९९४ ला पाच, असे उतरत जाता ८५३२ ला एक.

चलाख मुले लौकरच एक युक्ती ओळखतील. ८५३२ बरोबर ठरले की ५८३२, ३५८२ हीही बरोबर, कारण अंक तेच. अशा उत्तरास नवे गुण देऊ नयेत. अंक क्रमाने लावल्यावर पूर्वीच्या उत्तराशी जुळतात का एवढे यंत्राने पाहावे. येथेच आणखी एक बारकावा दडलेला आहे. ‘६१७४ आली का’ ही विचारणा वजाबाकीच्या आधी ठेवली तर ६१७४ ला शून्य पायऱ्या आणि ७६४१ ला एक, असा तेच अंक असून भेद पडतो. विचारणा वजाबाकीनंतर ठेवली की दोन्ही एकाच पायरीची ठरतात. आज्ञा त्याच, क्रम तेवढा बदलला. एका पायरीची सर्व उत्तरे शोधणाऱ्या मुलास पुढे दिसून येईल की त्यांत मोठ्या-लहान अंकांचा फरक नेहमी ६ आणि मधल्यांचा २ असतो. ८५३२ तसे, ९७५३ तसे. हे त्यास आधी सांगू नये.

चारही अंक सारखे असतील तर ए कळ दाबूनही संख्या स्वीकारू नये आणि ‘अंक बदला’ एवढेच दाखवावे. ‘चूक’ हा शब्द तेथे नको.

ज्या शाळेत संगणक नाही, किंवा आहे पण वीज नाही, तेथे पुठ्ठ्याच्या चाळीस चकत्यांवर प्रत्येक अंक चार चार वेळा लिहून हा खेळ जसाच्या तसा होतो. एका मुलाने यंत्र व्हावे आणि दिलेल्या आज्ञांबाहेर काहीही करू नये. लहान वर्गांसाठी तीन अंक घ्यावे. तेथे ६१७४ च्या जागी ४९५ येते आणि पायऱ्या सहाच्या पुढे जात नाहीत: १०० वरून ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. दोन अंकांचा खेळ मात्र यंत्रावर तसाच चढवू नये. ९० घेतले तर ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. एका संख्येवर थांबणे तेथे नाहीच. ‘शेवटची संख्या येईपर्यंत करीत राहा’ ही आज्ञा यंत्र इमानाने पाळील आणि पडदा गोठल्यासारखा दिसेल. म्हणून अंक कितीही असोत, ‘वीस वजाबाक्या झाल्या की थांब’ ही एक ओळ आज्ञावलीत आरंभीच घालून ठेवावी.