जुन्या संगणकास नवें कार्ड

एकत्र कुटुंबांत संगणक हा बहुधा सर्व घराचा असतो. आजोबा त्यावर बँकेचा हिशेब पाहतात, सूनबाई शाळेच्या प्रश्नपत्रिका तयार करतात आणि रात्रीं मुलें खेळ खेळतात किंवा अभियांत्रिकीच्या आकृत्या काढतात. अशा घरांत एके दिवशीं नातू वीस-पंचवीस हजारांचें ‘ग्राफिक्स कार्ड’ मागतो. वडील मंडळींना तो छंद वाटतो, मुलाला ती गरज वाटते. या वादांत मुख्य प्रश्न मात्र विचारावयाचा राहूनच जातो: आपल्या जुन्या प्रोसेसरशीं या कार्डाचें जमेल काय?

याचें उत्तर स्वयंपाकघरांत सांपडतें. पंगतीच्या दिवशीं एक जण पोळ्या लाटते, दुसरी भाजते. संगणकांत लाटण्याचें काम प्रोसेसरचें. खेळांतील कोण कोठें उभा आहे, कोणती वस्तु कोठें पडली, याचा हिशेब करून तो प्रत्येक चित्राची आज्ञा तयार करतो. भाजण्याचें काम कार्डाचें; त्या आज्ञेप्रमाणें पडद्यावरील लक्षावधि ठिपके तें रंगवितें. लाटणारी एकच व तीहि थकलेली असतां चार तवे मांडले, तरी ताटांत पोळ्या अधिक पडत नाहींत; तवे नुसते तापत राहतात. उलट लाटणारी चपळ आणि तवा एकच असेल, तर लाटलेल्या पोळ्या खोळंबतात. दोन्ही दोष निराळे, आणि त्यांवरील उपायहि निराळे.

संगमनेरच्या एका परिचित कुटुंबांत २०१३ सालच्या चार कोअरांच्या प्रोसेसरशेजारीं असेंच भारी कार्ड बसविण्यांत आलें. खेळ पूर्वींइतकाच अडखळत राहिला. कार्ड निर्दोष होतें. पण ‘पैसे पाण्यांत गेले’ हा टोमणा त्या मुलाला कित्येक महिने ऐकावा लागला.

वास्तविक हा दोष खरेदीपूर्वीं एका साध्या परीक्षेनें कळतो. खेळाचें रिझोल्यूशन कमी करून पाहावें. १९२० गुणिले १०८० च्या चित्रांत २०,७३,६०० ठिपके असतात. १२८० गुणिले ७२० केल्यास ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहून कमी. कार्डाचें ओझें एवढें उतरतें. प्रोसेसरचें जवळजवळ तेंच राहतें. त्यानें चित्रांचा वेग चांगलाच वाढला, तर उणीव कार्डाची समजावी. रिझोल्यूशन खालीं आणूनहि वेग वाढेनासा झाला, तर ती प्रोसेसरची सीमा होय. कितीहि महाग कार्ड तिच्यापलीकडे नेणार नाहीं. प्रोसेसर एकूण चाळीस टक्केच गुंतलेला दिसला, म्हणून तो मोकळा आहे असें मात्र मानूं नये. एक कोअर पूर्ण गुंतलेला व बाकीचे रिकामे, असेंहि पुष्कळदां असतें.

वेगाखेरीज खांच व वीज याहि गोष्टी पाहाव्या लागतात. कार्ड मदरबोर्डावरील ‘पीसीआय एक्स्प्रेस’ खांचेंत बसतें. नव्या आवृत्तीचें कार्ड जुन्या खांचेंत चालतें, पण जुन्या खांचेच्या वेगानें. सोळा मार्ग वापरणाऱ्या कार्डास त्याची झळ थोडी लागते. परंतु जानेवारी २०२२ मध्यें आलेलें एएमडीचें आरएक्स ६५०० एक्सटी चारच मार्ग वापरतें, म्हणून जुन्या खांचेंत तें ठळकपणें मागें पडतें. इंटेलच्या आर्क कार्डांना ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते व ती बहुतेक जुन्या संगणकांत नसते. विजेचें म्हणावें तर खांचेंतून जास्तींत जास्त ७५ वॅट मिळतात. अधिक लागल्यास एसएमपीएसपासून निराळी तार यावी लागते. सहा टोकांची तार ७५ व आठ टोकांची १५० वॅट देते. कार्यालयांतून आलेल्या जुन्या लहान संगणकांत ती तार बहुधा नसतेच. शिवाय घरांतील ६०० व्हीएचा यूपीएस साधारणतः ३६० वॅटच पेलतो.

जुन्या-नव्याची जोडी कशी जमवावी, याचा एक थोर नमुना आपल्या शेजारींच आहे. नगरहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरहून, कल्याणच्या रस्त्यानें पारनेर तालुका ओलांडून आळेफाट्यास गेलें, कीं पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या. पूर्वीं ती एका वेळीं ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपीत असे. सुधारणेनंतर तो ४०० पर्यंत गेला, आणि एवढी माहिती जुळविण्यास ग्राफिक्स प्रोसेसर बसविलेले संगणक आले. पण तेथील शास्त्रज्ञ नुसतें तेवढें करून थांबले नाहींत. ग्राहक यंत्रें नवीं केलीं, प्रकाशतंतूंची वाहिनी सुधारली. तबकड्या मात्र जुन्याच ठेविल्या, कारण अडचण त्यांच्यांत नव्हती. जेथें अडतें तेथेंच हात घालावा, हा त्यांतील बोध.

घरींहि हाच विवेक करावा. मुलाचें काम ब्लेंडरमध्यें चित्रें सजविण्याचें असेल, तर बराच भार कार्डच उचलतें व जुना प्रोसेसर कांहीं काळ चालून जातो. पुष्कळ पात्रांच्या खेळांत प्रोसेसरच आधीं दमतो. घरचें काम हिशेब व व्याख्यानें एवढेंच असेल, तर कार्डापेक्षां एसएसडीवर केलेला थोडा खर्च अधिक उपयोगीं पडतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणें इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवरच चालतें. ही अडचण कोणत्याहि कार्डानें दूर होत नाहीं. म्हणून दहा-बारा वर्षांच्या संगणकासाठीं कार्ड घ्यावयाचेंच, तर उद्यांच्या नव्या मदरबोर्डावरहि शोभेल असें मध्यम प्रतीचें घ्यावें.

संगमनेरच्या त्या घरीं पुढें मदरबोर्ड व प्रोसेसर बदलला आणि तेंच कार्ड उत्तम चालूं लागलें. पैसे पाण्यांत गेले नव्हते. खरेदीचा क्रम चुकला होता. मुलानें कार्ड मागितलें, कीं वडील मंडळींनीं नकार किंवा होकार देण्यापूर्वीं त्याच्याशेजारीं बसून वरील परीक्षा करून पाहावी. तिला एक पैहि लागत नाहीं; आणि मग निर्णय कोणताहि झाला, तरी टोमण्यास जागा राहत नाहीं.