बोट लागणें आणि आपल्या मळ्यांतलें आलें

समुद्रप्रवासांत होणाऱ्या मळमळीला व वांतीला आपल्याकडे ‘बोट लागणें’ असें म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. ऊन लागावें, दृष्ट लागावी, तशी बोटहि लागते. आणि लागतांना ती कोणाची विद्या, हुद्दा किंवा धैर्य पाहत नाहीं. इंग्लंडचा विख्यात आरमारी सेनापति नेल्सन याचा सारा जन्म समुद्रावर गेला, तरी वारा जोराचा सुटला कीं आपली प्रकृति बिघडते असें त्यानेंच १८०४ सालीं एका पत्रांत लिहून ठेविलें आहे. चार्लस डार्विन १८३१ पासून १८३६ पर्यंत बीगल जहाजावर होता. त्याचीहि या त्रासांतून अखेरपर्यंत सुटका झाली नाहीं. मग भाऊच्या धक्क्यावरून रेवसास किंवा मांडव्यास निघालेल्या एखाद्या शेतकरी बंधूची अर्ध्या वाटेंत गाळण उडाली, तर त्यांत लाज ती कसली?

अशा वेळीं आल्याचा तुकडा किंवा आलेपाकाची वडी तोंडांत धरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. घाट चढतांना ज्यांस मोटार लागते तेहि हेंच करितात. ही नुसती समजूत आहे, कीं तींत कांहीं तथ्य आहे, याचा विचार आलें पिकविणाऱ्याने अवश्य केला पाहिजे. आपल्या मालाचा गुण आपणांसच ठाऊक नसणें हें आपलें नुकसान. आणि नसलेला गुण सांगून तो माल विकणें ही गिऱ्हाइकाची फसवणूक. दोहोंपासून सुटण्याचा मार्ग एकच, व तो म्हणजे नेमकी माहिती.

आल्याचा व जहाजाचा जुना संबंध

संस्कृतांत आल्यास आर्द्रक व शृंगवेर, आणि सुंठीस शुंठी, नागर व विश्वभेषज अशीं नांवें आहेत. यांपैकीं शृंगवेर या शब्दाचें प्राकृत रूप व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार गेलें आणि ग्रीक भाषेंत ‘झिंगिबेरिस’ झालें. वनस्पतिशास्त्रांतील ‘झिंजिबर’ हें नांव त्यापासूनच आलें.

चौदाव्या शतकांत मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मलबार किनाऱ्यावरील कालिकत बंदरांत आला, तेव्हां त्यानें तेथें मोठमोठीं चिनी जहाजें पाहिलीं. त्यांवर खलाशांचीं मुलेंबाळें राहत असत, आणि लांकडी हौदांत माती घालून भाजीपाला व आलें लावीत असत, असें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केलें आहे. हें आलें बोट लागण्यावरच होतें असें तो म्हणत नाहीं; स्वयंपाकासहि तें लागतच असणार. परंतु जेथें गोडें पाणी जपून खर्चावें लागतें, तेथेंहि आल्याला जागा व पाणी मिळत होतें, या गोष्टीचें मोल शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

विकाराचें मूळ

उपायाचा विचार करण्यापूर्वीं विकार कसा होतो तें पाहूं. आपल्या कानाच्या अगदीं आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें हललें कीं तो द्रव हलतो, आणि शरीराच्या हालचालीची वर्दी मेंदूस पोंचते. जहाजाच्या खोलींत बसलेल्या मनुष्याचा कान सांगतो कीं आपण वरखालीं होत आहों. डोळा सांगतो कीं समोरची भिंत जागच्या जागीं आहे. दोन साक्षीदार असे परस्परविरुद्ध बोलूं लागले म्हणजे मेंदूचा गोंधळ उडतो. मग तोंडाला पाणी सुटतें, थंड घाम येतो, जठराच्या हालचालीची लय बिघडते, मळमळ सुरू होते आणि शेवटीं वांति होते. भांडण कानाडोळ्यांचें, पण शिक्षा पोटाला, असा हा प्रकार आहे.

या विकारावरचीं नेहमींचीं औषधें मेंदूवर व तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावर काम करितात. तीं गुणकारी आहेत, पण त्यांनीं पुष्कळांस झोंप किंवा सुस्ती येते. आल्याचें कार्य मुख्यत्वें पोटांत चालतें असें दिसतें. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजरोल नांवाच्या द्रव्यांमुळें असतो; आलें वाळूं लागलें कीं त्यांतील कांहीं भागाचें शोगाओल बनतें, व तें अधिक तिखट असतें. सुंठ आल्याहून जहाल कां लागते, याचें हें कारण होय. आंतड्यांतून मेंदूकडे मळमळीची वर्दी नेणाऱ्या मज्जातंतूंचा क्षोभ हीं द्रव्यें कमी करितात, असा शास्त्रज्ञांचा अभिप्राय आहे.

प्रयोगांची साक्ष

आतां अनुभवाकडे वळूं. १९८२ सालीं मोरी व क्लेसन या अमेरिकन संशोधकांनीं ३६ विद्यार्थ्यांस फिरत्या खुर्चींत बसवून पाहिलें. कांहींस ९४० मिलिग्रॅम सुंठीची पूड, कांहींस डायमेनहायड्रिनेट हें नेहमींचें औषध, व कांहींस निर्गुण पूड दिली होती. सुंठ घेतलेले विद्यार्थी सर्वांत अधिक वेळ टिकले.

परंतु खुर्ची म्हणजे समुद्र नव्हे. खऱ्या समुद्रावरचा प्रयोग डेन्मार्कमध्यें झाला व त्याचा वृत्तांत १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. खवळलेल्या समुद्राची संवय नसलेल्या ८० आरमारी उमेदवारांपैकीं कांहींस एक ग्रॅम सुंठ व कांहींस निर्गुण पूड देऊन, पुढें चार तास दर तासास त्यांच्या प्रकृतीची नोंद केली गेली. सुंठ घेतलेल्यांत वांति व थंड घाम हीं लक्षणें स्पष्टपणें कमी आढळलीं. मळमळ व चक्कर हींहि कमी होतीं, परंतु तो फरक निव्वळ योगायोगाचा नव्हे असें छातीठोकपणें म्हणण्याइतका मोठा नव्हता.

विरुद्ध साक्षहि सांगितली पाहिजे. १९९१ सालीं अमेरिकेंत २८ स्वयंसेवकांवर असाच फिरत्या खुर्चीचा प्रयोग झाला. तेथें सुंठीचा किंवा ताज्या आल्याचा कांहींच उपयोग दिसला नाहीं. स्कोपोलामीन या औषधाचा मात्र दिसला. उलट २००३ सालच्या एका प्रयोगांत, ज्यांस असा त्रास होतो अशा १३ जणांस आधीं आलें दिल्यावर मळमळ उशिरां सुरू झाली आणि जठराची लयहि कमी बिघडली.

आपण एखाद्या वाणाची परीक्षा एका वाफ्यावरून किंवा एका हंगामावरून करीत नाहीं. चार ठिकाणचें पीक पाहून मत ठरवितों. येथेंहि तसेंच करावें. युरोपांतील औषधसंस्थेच्या वनस्पतिसमितीनें ही सर्व साक्ष तोलून, प्रवासांतील मळमळ व वांति टाळण्यासाठीं सुंठीच्या पुडीचा उपयोग २०१२ सालीं मान्य केला. तात्पर्य, आलें हें बोट लागण्यावर रामबाण नव्हे; पण पोटाला आधार देणारें, वांति कमी करणारें आणि झोंप न आणणारें असें तें साधन आहे. ज्यास होडीवर जागें राहून काम करावयाचें आहे, त्याला हा शेवटचा गुण विशेष मोलाचा वाटेल.

मात्रा व वेळ

वर सांगितलेल्या समितीनें प्रौढ मनुष्यास १ ते २ ग्रॅम सुंठीची पूड, प्रवासास निघण्यापूर्वीं १ तास, अशी मात्रा दिली आहे. चहाचा लहान चमचा अर्धा भरला म्हणजे सुमारें १ ग्रॅम पूड होते. ती पाण्याबरोबर किंवा गुळाबरोबर घ्यावी. पोट ढवळूं लागल्यावर सुंठ शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. हा उपाय बहुतेकांचा फसतो तो येथेंच.

ताज्या आल्यांत सुमारें चार पंचमांश पाणीच असतें. तेव्हां वजनाच्या हिशोबानें १ ग्रॅम सुंठीस ५ ग्रॅम आलें लागेल. परंतु वाळतांना द्रव्यें बदलत असल्यामुळें दोन्ही अगदीं सारखीं समजूं नयेत. आलेपाकाच्या वडींत साखरच अधिक असते व आलें किती तें कळत नाहीं. म्हणून ती चवीसाठीं जरूर खावी, मात्रेसाठीं तिच्यावर विसंबूं नये.

जोडीला थोडें पथ्य पाळावें. निघण्यापूर्वीं तेलकट किंवा पोटभर जेवूं नये, पण अगदीं उपाशींहि राहूं नये. बोटीच्या मध्यभागीं उघड्या हवेंत बसून दूरच्या क्षितिजाकडे पाहावें, आणि वाचन टाळावें. म्हणजे कान व डोळे यांचें भांडण पुष्कळसें मिटतें. सुंठीनें कोणाच्या छातींत जळजळ होते. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें घेणारे, पित्ताशयांत खडे असलेले, गर्भवती स्त्रिया व लहान मुलें यांच्या बाबतींत डॉक्टरांस विचारल्यावांचून ती देऊं नये.

मळ्यांतील कर्तव्य

हें सर्व ज्या सुंठीविषयीं सांगितलें, ती चांगली पाहिजे. आपल्या प्रांतांत सातारा जिल्ह्यांत व मराठवाड्याच्या कांहीं भागांत आल्याची लागवड मोठी आहे, आणि माहीम हा जुना वाण सुंठीसहि उपयोगी पडतो. ओल्या विक्रीसाठीं सहाव्या महिन्यानंतर आलें काढलें तरी चालतें. सुंठीसाठीं मात्र पाला पिवळा पडून वाळेपर्यंत, म्हणजे आठ महिने किंवा अधिक, कंद जमिनींत पक्व होऊं द्यावा. काढल्यावर स्वच्छ पाण्यानें धुऊन, बांबूच्या धारदार काडीनें साल वरवरच खरवडावी. सुवासिक तेलाच्या पेशी सालीच्या अगदीं लगत असतात; लोखंडी सुरीनें खोल सोललें कीं तें तेल सालीबरोबर उकिरड्यावर जातें. नंतर स्वच्छ चटयांवर आठदहा दिवस कडक उन्हांत वाळवावें. पांच किलो ओल्या आल्याची साधारण एक किलो सुंठ पडते. वाळवण अपुरें राहिलें तर बुरशी येते. आणि बुरशीचें विष पोटांत गेलें तर औषधच अपायाला कारण होईल.

बाजारांत ओल्या आल्याचा भाव कोसळला म्हणजे सुंठ करावी असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. मजुरी व घट यांचा हिशोब केल्यावांचून त्या भरीस पडूं नये, कारण दरवर्षीं तें परवडतेंच असें नाहीं. परंतु शेर-दोन शेर सुंठ घरापुरती करून ठेवण्यास कोणताहि हिशोब आड येत नाहीं. आपल्याच मळ्यांतील पक्व कंदांची, आपल्याच अंगणांत वाळविलेली पूड एका कोरड्या बाटलींत भरून ठेवावी. घरचें माणूस समुद्राच्या किंवा घाटाच्या प्रवासास निघालें, म्हणजे एक तास आधीं त्याच्या हातावर अर्धा चमचा ठेवावी, आणि हिनें त्रास कमी होईल, पण अगदींच होणार नाहीं असें नव्हे, हेंहि त्यास सांगावें. जितका गुण खरा, तितकाच सांगितला, तर आपल्या आल्यावरचा लोकांचा विश्वास टिकून राहील.