डावीकडच्या शून्याची किंमत

स्थानिक किंमत शिकवताना आपण सगळेच एक वाक्य हमखास सांगतो. संख्येच्या डावीकडे कितीही शून्ये लिहा, तिची किंमत बदलत नाही. ७ म्हणजेच ०७ आणि ०७ म्हणजेच ००७. उजवीकडे एक शून्य दिले की साताचे सत्तर होतात, डावीकडच्या शून्याला मात्र कोणी विचारत नाही. वाक्य बरोबरच आहे आणि मीही ते वर्षानुवर्षे सांगत आलो. पण काही वर्षांपूर्वी याच शून्यामुळे आमच्या शाळेतल्या सात मुलींची शिष्यवृत्ती अडकली.

झाले असे. मुलींची नावे आणि बँकेतले खाते क्रमांक यांची यादी संगणकावर करून पाठवायची होती. यादी गेली आणि दीडएक महिन्याने सात नावे ‘खाते क्रमांक चुकीचा’ असा शेरा घेऊन परत आली. पासबुके मागवून ताडून पाहिली. सातही क्रमांक शून्याने सुरू होणारे होते आणि आमच्या यादीत नेमके तेच शून्य नव्हते. बाकी एकही अंक चुकलेला नव्हता. आमचे लिपिक म्हणाले, “सर, शून्याचे बटण मी दाबले होते, शपथ घेऊन सांगतो.” ते खरेच बोलत होते.

मग शून्य गेले कुठे?

बटणे दाबून आपण जे लिहितो ते संगणकाला दोन प्रकारे साठवता येते. एक, संख्या म्हणून. दुसरा, मजकूर म्हणून. मजकूर म्हणून ठेवताना प्रत्येक चिन्हाचा एक ठरलेला संकेतांक नोंदला जातो. शून्याचा संकेतांक ४८ आणि साताचा ५५. तेव्हा ००७ हा मजकूर ४८, ४८, ५५ असा तीन घरांत बसतो. (हे संकेतांक इंग्रजी अंकांचे. देवनागरी शून्याचा संकेतांक २४०६ आहे. म्हणजे आपल्याला एकच वाटणारी दोन शून्ये मजकूर म्हणून यंत्राच्या लेखी निराळी आहेत.) संख्या म्हणून ठेवताना मात्र चिन्हे नोंदली जात नाहीत, नोंदली जाते ती किंमत. सात ही किंमत द्विमान पद्धतीत आठ घरांत लिहिली तर ०००००१११ अशी दिसते. गंमत पाहा, इथे यंत्राने स्वतःच डावीकडे पाच शून्ये भरली! पण ती रिकामी घरे भरण्यापुरती. तुम्ही शून्ये दोन दिली होती, एक दिले होते की दिलेच नव्हते, याची नोंद त्यात कुठेही नाही. ७, ०७ आणि ००७ या तिघांचे आत एकच रूप होते आणि त्या रूपाकडे पाहून मूळ लेखन कोणते होते हे कुणालाच सांगता येत नाही.

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटची सवय अशी की, चौकटीत नुसते अंक दिसले की ती संख्याच आहे असे धरून चालायचे. आपण विचारलेले नसते, तिनेही विचारलेले नसते. शिष्यवृत्तीच्या यादीत आमच्याकडून एक भर पडली होती, हे मागून कळले. लिपिकांना ही सवय माहीत होती, म्हणून त्यांनी प्रत्येक क्रमांकाआधी वरचा एकेरी स्वल्पविराम दिला होता. तसे केले की चौकट मजकूर म्हणून धरली जाते आणि शून्य टिकते. पण अशा चौकटीच्या कोपऱ्यात एक हिरवा त्रिकोण उमटतो. ‘इथे संख्या मजकूर म्हणून ठेवली आहे’ अशी ती सूचना असते आणि सोबत ‘संख्येत रूपांतर करा’ असा पर्यायही येतो. यादी पाठवायच्या आदल्या दिवशी कोणीतरी सद्भावनेने ते सगळे हिरवे त्रिकोण ‘दुरुस्त’ केले. तो कोणीतरी मीच होतो.

मराठीत अंक आणि संख्या हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि गणिताच्या तासाला आपण त्यांतला फरक आवर्जून सांगतो. अंकांची प्रत्येक रांग संख्या असतेच असे नाही. मुलांची उंची, गुण, फी या संख्या आहेत. त्यांची बेरीज होते, सरासरी काढता येते. दोन खाते क्रमांकांची बेरीज करून काय हाती लागेल? वर्गातल्या मुलांच्या पिन कोडांची सरासरी काढून? ही अंकांत लिहिलेली नावे आहेत. ‘सुनीता’तले पहिले अक्षर गाळले तर जे होईल तेच खाते क्रमांकातले पहिले शून्य गाळल्यावर होते. डेटाबेसमध्ये तक्ता बनवताना प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी ठरवावा लागतो, तेव्हा हाच एक प्रश्न विचारावा: यावर कधी गणित करणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर रकाना मजकुराचा.

आपल्या रोजच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्राचा क्रमांक २७ असल्यामुळे आपल्यापैकी कुणाच्याच शाळेचा कोड शून्याने सुरू होत नाही. म्हणूनच हा घोटाळा आपल्या सहसा लक्षात येत नाही. पण राज्यांचे क्रमांक उत्तरेकडून दिलेले आहेत. जम्मू-काश्मीर ०१, हिमाचल प्रदेश ०२, पंजाब ०३, दिल्ली ०७, राजस्थान ०८, उत्तर प्रदेश ०९. समजा देशभरातल्या शाळांची यादी कोणी संख्या म्हणून साठवली. पंजाबातल्या ०१ क्रमांकाच्या जिल्ह्यातल्या शाळेचा कोड ०३०१ असा सुरू होतो. शून्य गळाले की उरतो ३०१ ने सुरू होणारा दहा अंकी आकडा. आता राज्य कळावे म्हणून त्याचे पहिले दोन अंक घेतले तर ते ३० येतात, आणि ३० हा क्रमांक गोव्याचा आहे! पंजाबातली शाळा बसल्या जागी गोव्यात गेली. हिमाचलातली त्याच रीतीने २० वर, म्हणजे झारखंडात जाऊन बसते. इथे चूक दाखवणारा कोणताही शेरा येत नाही, कारण ३० आणि २० हे दोन्ही क्रमांक खरे आहेत.

महाराष्ट्र यातून अगदी सुटला असेही नाही. नंदुरबार जिल्ह्याचा क्रमांक ०१ आहे. राज्य एका रकान्यात आणि जिल्हा दुसऱ्या रकान्यात असे संख्या म्हणून ठेवले आणि नंतर जोडले, तर २७ आणि १ मिळून २७१ होते. व्हायला हवे होते २७०१.

पिन कोडाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचा पहिला अंक १ ते ८ हा टपाल विभागाचा आणि ९ हा लष्करी टपालाचा, त्यामुळे शून्याने सुरू होणारा पिन कोड भारतात नाही. अमेरिकेने १९६३ साली सुरू केलेला झिप कोड पाच अंकी आहे आणि तिथल्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या वाट्याला सुरुवातीचे शून्य आले. केंब्रिज गावातल्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेचा कोड ०२१३९. तिकडच्या याद्यांत तो २१३९ झालेला अजूनही सापडतो. पोर्टो रिकोच्या सान हुआन शहराचा तर ००९०१. तिथे एका फटक्यात दोन शून्ये जातात.

मग ही शून्ये मुळात देतातच कशाला? त्यालाही कारण आहे. मजकुराचा क्रम शब्दकोशासारखा लागतो. पहिले चिन्ह आधी पाहिले जाते, म्हणून १० हा मजकूर ९ च्या आधी येतो. संगणकात साठवलेले फोटो १, १०, ११, २ अशा क्रमाने दिसल्याचा अनुभव तुम्हाला असेलच. तेच ०१, ०२, १०, ११ असे लिहिले की क्रम आपोआप बरोबर लागतो. तारीख २०२४-०३-०५ अशी लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय संकेतात महिना आणि दिवस नेहमी दोन अंकी ठेवतात, त्याचा हा मोठा फायदा आहे.

आता एक तोडगा बरेच जण सुचवतात. आत संख्याच ठेवा आणि दाखवताना डावीकडे शून्ये भरा. एक्सेलमध्ये चौकटीचे स्वरूप ‘पाच शून्ये’ असे दिले की ४२ हे ०००४२ असे दिसते. डेटाबेसमध्येही डावीकडून भर घालण्याची सोय असते. धनादेशाचा क्रमांक सहा अंकीच असतो, तिथे हे चालून जाते. पण हा नुसता पोशाख आहे, अंग नव्हे. लांबी ठरलेली नसेल तर किती शून्ये भरायची हे कुणी सांगायचे?

शिवाय यादी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाते तेव्हा पोशाखाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. यादी देण्याघेण्यासाठी बहुधा सीएसव्ही फाइल वापरतात. ती साधी मजकुराची फाइल असते, दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, बस्स. कोणता रकाना संख्येचा आणि कोणता मजकुराचा याची नोंद तिच्यात नसते. वर्गात एक प्रयोग करून पाहा. नोटपॅडमध्ये इंग्रजी अंकांत ००७ लिहा आणि फाइलच्या नावाला सीएसव्ही हे शेपूट लावून ती साठवा. मग ती एक्सेलमध्ये उघडा. ७ दिसेल. काहीही न साठवता बंद करा आणि पुन्हा नोटपॅडमध्ये पाहा. ००७ जागेवर आहे! आता एक्सेलमध्ये उघडून साठवा आणि मग नोटपॅडमध्ये बघा. आता शून्ये कायमची गेली. म्हणजे दोष पाठवणाऱ्याचा नसतो, फाइलचाही नसतो. मधल्या कोणीतरी ‘जरा उघडून पाहिली आणि साठवली’ एवढेच झालेले असते. फाइलमध्ये अंकांना अवतरणचिन्हे घालूनही एक्सेल ऐकत नाही. फाइल थेट न उघडता ‘डेटा’ या यादीतून आत आणावी आणि तो रकाना मजकुराचा आहे असे तिथे सांगावे, हा खात्रीचा मार्ग.

लांब क्रमांकांचे हाल आणखी वाईट. बारा अंकी आधार क्रमांक शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही, त्यामुळे शून्याचा प्रश्न नाही. पण साध्या स्वरूपाच्या चौकटीत अकरापेक्षा जास्त अंक मावत नाहीत, म्हणून तो दशांश आणि घातांक अशा रूपात दिसतो, आणि सीएसव्ही म्हणून साठवला की दिसतो तसाच लिहिला जातो. मधले अंक गेले. एक्सेल पंधराच अंक अचूक धरते, तेव्हा सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. डावीकडचे शून्य गिळणारे यंत्र उजवीकडे नको ते शून्य देते!

हे केवळ कारकुनीचे रडगाणे नाही. मानवी जनुकांपैकी काहींची नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. अखेर २०२० साली जनुकांच्या नावांची आंतरराष्ट्रीय समिती झुकली आणि तिने ती नावेच बदलली. आपोआप होणारे हे बदल, शून्य गाळण्यासकट, बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. पण ती प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर चालू करायची असते.

डावीकडचे प्रत्येक शून्य नावाचा भाग असते असेही नाही, हे जाता जाता सांगायला हवे. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक आपण ०२० म्हणतो, पण त्यातले पहिले शून्य ‘मला गावाबाहेर बोलायचे आहे’ अशी एक्स्चेंजला दिलेली आज्ञा आहे. परदेशातून फोन करताना ९१ नंतर थेट २० येते. आणि अकरावी-बारावीला सी किंवा सी++ शिकणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. तिथे संख्येआधी शून्य लिहिले की ती अष्टमान पद्धतीतली समजली जाते. ०१० म्हणजे आठ, आणि ०८ लिहिले तर चूक दाखवली जाते.

आमच्या सात मुलींपैकी पाच जणींची खाती एकाच बँकेत होती. त्या बँकेचे सगळे क्रमांक बारा अंकी, त्यामुळे अकरा अंकी दिसणाऱ्यांना एक शून्य लावून काम झाले. उरलेल्या दोघींची खाती एका सहकारी बँकेत होती. तिथे जुन्या आणि नव्या खात्यांच्या क्रमांकांची लांबी वेगवेगळी, तेव्हा एक शून्य की दोन हे यंत्राला विचारून कळणार नव्हते. एकीचे पासबुक शाळेतच होते. दुसरीचे वडील ऊसतोडीला गेले होते आणि पासबुक त्यांच्याजवळ होते. ते परत आल्यावर क्रमांक पाहिला. दोन शून्ये होती. तिचे पैसे इतर सहा जणींनंतर तीन महिन्यांनी जमा झाले.